आठ महिन्यांत कोणाला किती तास दिलेस?

प्रश्न: ‘मी २४ वर्षांची. सांगलीत इंजिनिअरिंग केलं आणि चौदा महिन्यांपूर्वी लोअर परळच्या एका कंपनीत लागले. गोरेगावला पीजीत राहते. हातात ३४ हजार येतात. कॉलेजच्या आम्हा सहाजणींचा ग्रुप आता फक्त वाढदिवसाला जागा होतो. दोघींची लग्नं झाली, एक जर्मनीला गेली. ऑफिसातल्या माझ्या टीम लीडशी आठ महिन्यांपासून जवळीक आहे. तो ३१ चा आहे. रोज रात्री फोन असतो, रविवारी भेटतो. पण हे नक्की काय आहे असं विचारलं की “नाव कशाला द्यायचं” म्हणतो. इकडे घरून बायोडाटा फिरतोय. साताऱ्याचं एक स्थळ आलंय, मुलगा पुण्यात असतो. ह्याची वाट बघू, घरच्यांना हो म्हणू, की नोकरी सोडून सरळ पुण्याला जाऊ? ताई, माझं काय चुकतंय?’

तुझं पत्र बरंच मोठं होतं, वर त्यातलं मोजकंच दिलंय. पहिल्यांदा नुसतं वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. ‘तो’ एकवीस वेळा आला आहे. आई चार वेळा. मुंबईतल्या कुणाला ‘मैत्रीण’ म्हटलंयस असं एकदाही दिसलं नाही. सांगलीच्या मुली आहेत, पण त्यांची वाक्यं सगळी ‘होतो’, ‘जायचो’, ‘बसायचो’ अशी संपतात. आणि तू ज्या तीन वाटा विचारल्यास त्यांतली एक त्याच्याकडे जाते, उरलेल्या दोन त्याच्यापासून लांब जातात. स्वतःच्या जागेवर उभं राहून बघितलेली अशी एकही नाही.

मी आधी नऊ वर्षं एका कंपनीच्या एचआरमध्ये होते आणि गेली एकोणीस वर्षं दादरला समुपदेशनाचं काम करते. पहिल्या नोकरीला वर्ष झालं की मुली यायला लागतात. तोवर नवेपणाच्या धावपळीत काही जाणवत नाही. मग एखाद्या रविवारी दुपारी लक्षात येतं की आज सकाळपासून डिलिव्हरीवाल्याशिवाय कुणाशी आपण बोललेलोच नाही. बहुतेकजणी प्रश्न घेऊन येतात तो प्रेमाचा. तासाभराने कळतं की प्रेमाचं नंतर बघता येईल, आधी सोबतीचा खड्डा पडलाय आणि जो पहिला भेटला त्याला त्यात उभं केलंय.

तुझं तसंच झालं असेल असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण थोडा हिशोब मांडून बघू.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. नव्या गावात राहायला आलेली माणसं आणि कॉलेजात नव्याने दाखल झालेली मुलं, यांची मैत्री किती वेळात जमते हे त्यांनी पाहिलं. नुसत्या ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, खरी मैत्री म्हणावी अशी व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवाभावाची व्हायची तर २०० च्या पुढे. त्यातला मला सगळ्यात पटलेला भाग वेगळाच आहे. सोबत काम करण्यात गेलेला वेळ यात फारसा धरता येत नाही, सोबत रिकामं बसण्यात गेलेला धरता येतो. शेजारच्या डेस्कवरची मुलगी रोज नऊ तास समोर असूनही परकी का वाटते, याचं उत्तर त्यात आहे.

कॉलेजात हे तास कुणी मागितले नाहीत, ते आपोआप मिळाले. कँटीन, प्रॅक्टिकलच्या आधीची अर्धी घटका, हॉस्टेलची गच्ची. दिवसाचे पाच तास म्हटले तरी जुलैत कॉलेज सुरू झालं की गणपतीच्या आगेमागे २०० भरतात. आता मुंबईत बघ. एखाद्या मुलीला आठवड्याला तीन तास दिलेस, आणि तेही मोठ्या मुश्किलीने, तर २०० व्हायला ६६ आठवडे लागतील. म्हणजे सव्वा वर्ष. तुला इथे येऊन अजून तेवढेही झालेले नाहीत! ‘मला मैत्री जमत नाही’ असं जे तू स्वतःबद्दल लिहिलंयस ते खोडून टाक. तुझे तास भरलेले नाहीत, इतकंच.

फक्त एका माणसाचे भरलेत. रोज रात्री तासभर फोन, रविवारचे चार तास, असे आठवड्याचे अकरा. आठ महिन्यांत पावणेचारशेच्या घरात जातात. ‘त्याच्याइतकं मला इथे कुणीच ओळखत नाही’ असं तू लिहिलंस ते अगदी खरं आहे, पण इतरांना ओळखायची संधी तरी कधी मिळाली? हे प्रेम नव्हे असं मला म्हणायचं नाही, ते मला इथे बसून कळणारही नाही. पावणेचारशे तासांनी माणूस जवळचा वाटतोच, एवढंच मला ठाऊक आहे. प्रेम किती आणि सवय किती, हे आणखी दोनचार माणसं तुझ्या आयुष्यात आली की तुझं तुलाच उमगेल.

मी १९९७ साली रत्नागिरीहून आले तेव्हा गिरगावात एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहायचे. चौघी एका खोलीत, कपाटाचा एकेक कप्पा, फोनच्या डायलला कुलूप आणि रात्री दहाला दिवा बंद. त्या तिघी माझ्या जन्माच्या मैत्रिणी झाल्या. यात माझं कर्तृत्व काही नाही. अंधारात जागं असलेलं माणूस बोलण्याशिवाय करणार काय? तुमच्या पीजीत चार कॉट आहेत, चार चार्जर आहेत आणि चार इअरफोन. काकूंचं कुलूपच बरं होतं असं कधीकधी वाटतं, पण ते जाऊ दे.

तास आणायचे कुठून, हा खरा प्रश्न. गोरेगाव ते लोअर परळ स्लो लोकलने पाऊण तासाच्या आतबाहेर. जाऊन-येऊन आठवड्याला सात-साडेसात तास तू लेडीज डब्यात असतेस. पश्चिम रेल्वेवर ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली. त्या गाडीत आणि नंतरच्या प्रत्येक लेडीज डब्यात बायकांनी वाटाणे सोललेत, मेथी निवडलीय, डोहाळजेवणं केलीत, दसऱ्याला दारांना झेंडूच्या माळा लावल्यात. डब्यातल्या ग्रुपची दादागिरी मला ठाऊक आहे, जागा धरून ठेवतात, नव्या मुलीला उभं ठेवतात. तरीही.

माझ्याकडे येणारी एक मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) चिपळूणची, मालाडला राहणारी. तिला मी एकच काम दिलं होतं: रोज तीच गाडी, तोच डबा, तेच दार, आणि इअरफोन पर्समध्ये. पहिला आठवडा नुसतं ‘कुठे उतरणार?’ चाललं. तिसऱ्या आठवड्यात एका बाईंनी न सांगता तिची बॅग मांडीवर घेतली. दोन महिन्यांनी ती आजारपणामुळे तीन दिवस गेली नाही, तर चौथ्या दिवशी दोघीतिघींनी विचारलं, ‘कुठे होतीस गं?’ ती मला म्हणाली, ‘ताई, मुंबईत पहिल्यांदा कुणीतरी माझी गैरहजेरी मांडली.’ पुढे तिला दुसरी नोकरी लागली ती त्या बॅगवाल्या बाईंनी सांगितलेल्या जागेवर. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ साली हेच मांडलं होतं. नोकरीची खबर जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जिवलगांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं.

गाडीबाहेरही तीच रीत: तीच माणसं, पुन्हा पुन्हा. शनिवारी एकदाच भरणाऱ्या मातीकामाच्या नाहीतर कॉफीच्या वर्कशॉपवर दीड हजार घालवू नकोस. फोटो छान येतात, पण सोमवारी त्यातलं कुणी आठवत नाही. त्यापेक्षा कर्जत-कसाऱ्याकडे ट्रेकला जाणारा एखादा ठरावीक ग्रुप धर. पहाटेची कर्जत लोकल पकडून चार वेळा त्याच लोकांबरोबर गेलीस की पाचव्यांदा कुणीतरी तुझ्यासाठी डबा आणेल. किंवा एकांकिका बसवणाऱ्या पोरांत जा. तुला अभिनय येत नसेल तरी लाइटला, कपड्यांना, प्रॉम्प्टिंगला त्यांना हात हवेच असतात, आणि तालमी म्हणजे तासांची लूट. वाचनाची आवड असेल तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, संस्था १८९८ सालची. आठवड्याला एकदा पुस्तक बदलायला जा आणि लगेच पळू नकोस.

सांगलीच्या मुलींबद्दल एकच. ग्रुपवर बोलणं बंद कर आणि एकेकीला फोन लाव. सहाजणींच्या ग्रुपमध्ये ‘मला एकटं वाटतंय’ असं कुणी लिहीत नाही, केकचे फोटोच टाकतात. जर्मनीतल्या मैत्रिणीकडे तू रात्री अकराला फोन केलास तर तिथे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात झालेले असतात. ती एकटी घरी येऊन काहीतरी गरम करत असेल. अकराची वेळ सध्या कुणाच्या नावावर आहे, ते तुला माहीत आहे.

आता त्याच्याकडे येऊ. इथे माझ्यातली जुनी एचआरवाली आधी बोलणार.

तो तुझा टीम लीड आहे, म्हणजे तुझं अप्रेजल (कामाचं मूल्यमापन) त्याच्या हातात आहे. दोन सज्ञान माणसांनी एकमेकांवर जीव लावायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र पुष्कळ कंपन्यांच्या नियमावलीत असं नातं असेल तर कळवा, असं लिहिलेलं असतं. तुमच्या कंपनीचं ते पान आधी शोधून वाच. मी एचआरमध्ये असताना वरिष्ठ-कनिष्ठांची अशी बरीच प्रकरणं पाहिली. बाहेर फुटली तेव्हा टीम बदलावी लागली ती जवळजवळ दरवेळी मुलीला. कुजबुजही तिच्याचबद्दल. ‘तिला रेटिंग कसं मिळालं माहितीय ना?’ मग तिने रात्री दहापर्यंत बसून केलेलं काम कुणाला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असू दे, ती कधी लागू नये अशीच माझी इच्छा आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा संमतीच्या नात्याविरुद्ध नाही. पण उद्या तू ‘आता पुरे’ म्हणालीस आणि तो मागे लागला, किंवा नकाराचा वचपा अप्रेजलमध्ये काढू लागला, तर तो कायदा तुझ्या कामाचा आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. तिच्या अध्यक्ष वरिष्ठ पदावरच्या महिला, निदान निम्म्या सदस्य महिला आणि एक सदस्य कंपनीबाहेरची व्यक्ती. तक्रार लेखी द्यायची असते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. रागाच्या भरात चॅट डिलीट करणाऱ्या मुलींना मी हात जोडून सांगते, वाचू नका हवं तर, पण पुसू नका.

हे झालं कागदाचं. तुझ्या पत्रात एक वाक्य होतं जे तू सहज लिहून गेलीस: ‘ऑफिसमधून आम्ही पाच मिनिटांच्या अंतराने निघतो.’ दुसरं, रविवारच्या भेटी कुठे होतात तर वरळी सी फेस, बँडस्टँड, त्याची गाडी. जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही अशाच जागा. आठ महिन्यांत त्याचा एकही मित्र तुला भेटलेला नाही. नाव नको म्हणणं मी समजू शकते. तुमच्या पिढीत बऱ्याचजणांना नावाचीच धास्ती वाटते, आणि एखाद्याला खरोखर वेळ लागतो. पण नाव नको आणि साक्षीदारही नको, हे दोन्ही एकत्र आलं की मी जरा सावध होते.

म्हणून त्याला ‘आपण कोण?’ असं विचारू नकोस. त्या प्रश्नाला गोड बोलून टाळता येतं, आठ महिने तेच चाललंय. त्याला थोडी झळ बसेल असं काहीतरी माग. ‘माझं पुढचं अप्रेजल दुसऱ्या कुणाकडे दे, किंवा मला दुसऱ्या टीममध्ये जायला मदत कर. आणि पुढच्या रविवारी तुझ्या दोनतीन मित्रांबरोबर दिवसाढवळ्या जेवायला जाऊ.’ एवढंच. लग्नाची तारीख मागितलेली नाहीस, कसला शब्दही घेतलेला नाहीस. रात्रीच्या फोनवर हे बोलू नकोस. अकरा वाजता कुणीही काहीही कबूल करतं. दिवसा, समोर बसून, चहा संपायच्या आत. मग तीनचार आठवडे नुसतं बघ. तो काय म्हणाला याच्यापेक्षा कॅलेंडरमध्ये काय घडलं ते बघ.

माझा अंदाज विचारशील तर, तो अप्रेजल सोडणार नाही. ‘उगाच लोकांना संशय येईल’ म्हणेल. चुकले तर मला कळव, मी आनंदाने माघार घेईन.

घरच्या आघाडीवर तू एक चूक करतेयस असं मला वाटतं. आईला तू ‘मला लग्नच करायचं नाही’ असं सांगितलंस. ते खरं नाही, तिलाही ते खरं वाटलेलं नाही, म्हणून तर बायोडाटा फिरतोय. लग्न नको म्हटलं की घरी वाद सुरू होतो. मुदत मागितली की हिशोब सुरू होतो, आणि हिशोबाला आया तयार असतात. बाबांच्या आधी एकट्या आईशी बोल, गावी गेलीस की स्वयंपाकघरात, फोनवर नाही. ‘दिवाळीपर्यंत बायोडाटा कुणाला देऊ नका, त्यानंतर मी स्वतः विषय काढते’ एवढं सांग आणि दिवाळीनंतर खरोखर काढ. त्याच्याबद्दल आत्ता सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर त्या तीनचार आठवड्यांनंतर सांगितलं असतं.

साताऱ्याच्या मुलाशी काही वाकडं नाही. ठरवून भेटणं म्हणजे प्रेमाचा पराभव, असं मी मानत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जोड्या अशा भेटीतूनच जुळल्या, आणि हल्ली कांदेपोह्यांआधी मुलगा-मुलगी स्वतंत्रपणे दोनदा भेटतातच. पण आत्ता ज्या मनाने तू त्याला भेटशील ते त्या मुलावर अन्यायाचं आहे. तू त्याच्याशी बोलत असशील आणि इकडे कुणाला तरी त्याचा मत्सर वाटावा म्हणून स्टेटस ठेवशील. हसू नकोस, पाहिलंय मी.

पुण्याचं मात्र डोक्यातून काढ, निदान सध्या. पुणं वाईट म्हणून नव्हे. तिथे गेलीस की तुझे तास पुन्हा शून्यावर येतील, आणि चौदा महिन्यांत सोडलेल्या पहिल्या नोकरीचं उत्तर पुढच्या प्रत्येक मुलाखतीत द्यावं लागेल. ऑफिसात अवघडलेपण असह्य झालंच तर आधी टीम बदल, मग मुंबईतलीच कंपनी, मग शहर. नोकरी बदललीस तर पीएफ काढून खाऊ नकोस. यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, तोच राहतो, रक्कम नव्या खात्यात वळवता येते.

पैशाचं थोडक्यात. पीजीचे बारा, घरी सहा, येणंजाणं आणि खाणं आठ-नऊ. म्हणजे महिन्याला सात-आठ हजार उरतात आणि कुठे जातात ते तुला सांगता आलेलं नाही. तीन महिन्यांचा खर्च, ऐंशी हजाराच्या आसपास, वेगळ्या खात्यात जमेपर्यंत ते तिकडेच टाक. ती रक्कम असली की पीजीवाल्या बाईंशी असो, बॉसशी असो की आणखी कुणाशी, बोलताना आपला आवाज वेगळा लागतो. हे मी स्वतःच्या गळ्यावरून सांगतेय.

झोपेचं तू ओझरतं लिहिलंयस. फोन उशिरा संपतो म्हणून झोप होत नसेल तर तो वेगळा विषय. पण दोन आठवडे सलग झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर ते एकटेपणावर ढकलू नकोस, डॉक्टरांना दाखव. रात्री-अपरात्री फार वाटलं तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानावर एक ओळ आहे. ऑगस्टमध्ये तुला ताप आला होता, तो ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणाला, आणि ‘शेजारच्या कॉटवरच्या मुलीने कुठूनतरी मुगाची खिचडी करून आणली’. पीजीत स्वयंपाक करू देत नाहीत असं तूच आधीच्या पानावर लिहिलंयस. मग तिने ती कुठे केली, कुणाच्या शेगडीवर, कुणाला विनवून? तू विचारलंस का? रविवारी रात्री तुमच्या पीजीत जेवण नसतं ना? या रविवारी तिला घेऊन बाहेर जा, पैसे तू दे आणि हे विचार. पत्रात तिचं नाव कुठेच नाही. पुढच्या पत्रात तेवढं लिहून पाठव.